ओला दरवाजा

३ मे १९२६, सोमवार

पोचलो एकदाचा. दोन शिड्या, एक पेटी, अठरा ब्रश आणि मी, सगळे धड. होडी डीपस्लोटच्या धक्क्याला लागली तेव्हा असं लख्ख ऊन पडलं होतं की आमचा चिडका नावाडीसुद्धा शीळ घालायला लागला. गाव म्हणजे एक लांब कालवा, दोन्ही काठांना हिरवी लाकडी घरं आणि प्रत्येक घरापुढे एक बोटभर पूल. इतकं रंगवलेलं लाकूड एका जागी बघितलं आणि मला भूक लागल्यासारखं झालं.

अकराव्या वर्षी रॉटरडॅमच्या गोदीत दुसऱ्यांचे ब्रश धुवायला लागलो. आज एकेचाळिसाव्या वर्षी लाम्बर्ट स्तोपचं, म्हणजे माझं, स्वतःचं दुकान आहे. इथला जुना रंगारी माइन्डर्ट मास्तर फेब्रुवारीत गिरणी रंगवताना शिडीवरून पडून तिथेच वारला. त्याच्या पुतण्याकडून घर आणि दुकान दोन्ही घेतलं. माझी बायको आलिडा पुढच्या मंगळवारी येईल. तोवर घर तिच्या नजरेला उतरेल असं करायचं आहे, आणि तिची नजर माझ्यापेक्षा कडक.

घराला दोन दरवाजे. मागचा स्वयंपाकघराचा, सगळी ये-जा तिथून. पुढचा कालव्याकडचा, गडद हिरवा, बाहेरून कडी नाही की मूठ नाही. सायमन सुतार सामान उतरवायला आला होता. त्याने सांगितलं की इथे प्रत्येक घराचा पुढचा दरवाजा दोनदाच उघडतो, नवरी आत येते तेव्हा आणि मेलेलं माणूस बाहेर जातं तेव्हा. मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, तुमच्या वेळेला चौकट जरा रुंद करून ठेवतो, रॉटरडॅमवाले. माणूस आवडला मला.

पण दरवाजा! जवळ गेलो तर मिशीतला पांढरा केस न् केस त्यात दिसला. ब्रशने केलेलं काम आणि ब्रशची एक रेघ नाही. मी बड्या साहेबांच्या बोटींच्या खोल्या रंगवल्या आहेत, असं काम माझ्या हातून झालेलं नाही. हे इथेच लिहितो, बाहेर कबूल करणार नाही.

काम मात्र करावंच लागणार. नव्या पंचायत-घराचे सहा दरवाजे रंगवायचे आहेत आणि महापौर २८ तारखेला माझा स्वतःचा दरवाजा बघून काम द्यायचं की नाही ते ठरवणार आहेत. रंगाऱ्याचं घर म्हणजेच त्याची पाटी, असं इथे धरतात. मास्तरच्या रंगावर नाव कमावलं असं कोणी म्हणायला नको. तो घासून काढायचा आणि वर माझा चढवायचा.

६ मे, गुरुवार

तीन दिवस घासतोय. झाव्याचा खरबरीत दगड आणि पाणी, दगड आणि पाणी. खाली इतके थर निघाले की झाडाच्या खोडातली वर्षं मोजावीत तसे मोजले. अकरा थर वरवर सारखे, दर वर्षाचा एक असावा. त्याखालचे जुने.

एक गोष्ट खटकली. दरवाजा आणि चौकट यांच्यामधली फट रंगाने बुजवली आहे. नवशिक्याकडून होतं हे, घाईत कडा चिकटतात. मास्तरसारख्याकडून होत नाही. म्हणजे मुद्दाम केलं असणार. आता कडा न रंगवता दरवाजा रंगवणं म्हणजे मोजा न घालता बूट घालणं, मला जमणार नाही. पातळ सुरी लावून वरपासून खालपर्यंत फट मोकळी केली आणि आतून खांदा लावला. उघडला तेव्हा जो आवाज आला तो लाकडाचा वाटला नाही. कोणी तरी फार वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला, असा वाटला. माझे कान फार तिखट आहेत, आलिडा म्हणते नको ते आधी ऐकतात.

आतल्या बाजूला, दरवाजाशेजारच्या खिळ्याला एक ब्रश टांगलेला आहे. डुकराच्या केसांचा, लहान, मुठीवर अंगठ्याचा खळगा पडलेला. तो खळगा माझ्या अंगठ्याला पुरत नाही, बाईमाणसाचा असावा. केस एका बाजूने झिजून तिरके झालेले. असं झिजायला वीस वर्षं एकच काम करावं लागतं. बोटाने दाबला तर केसांत जवसाचं तेल ओलं होतं. घर तर फेब्रुवारीपासून बंद आहे.

पुतण्या अधूनमधून येत असेल. परत टांगून ठेवला.

८ मे, शनिवार

रंगाचा पहिला हात दिला. सकाळी दव उडाल्यावर, ऊन दरवाजावर यायच्या आत. जमिनीवर पाणी शिंपडलं, धूळ बसली. रंग आलिडाच्या जुन्या रेशमी पायमोज्यातून गाळला, त्यासाठी ती मला कधीच माफ करणार नाही.

चकचकीत रंगाचं सगळं गुपित शेवटच्या फिरवण्यात असतं. आधी रंग लावायचा, मग आडवा पसरायचा, मग ब्रश जवळजवळ कोरडा करून फक्त केसांच्या टोकाने वरून खाली हलकेच ओढायचं. आम्ही त्याला टोक फिरवणं म्हणतो. मोठ्या दरवाजाला दोन माणसं लागतात, एक लावत जातो, दुसरा मागोमाग टोक फिरवत येतो, कारण रंग थांबत नाही. मी एकटा, म्हणून घाई. हात डोळ्यांवर नाही, कानावर चालतो माझा. रंग ओला असेल तर ब्रश रेशमासारखा सळसळतो. ओढ बसायला लागली की चर्र करतो. तिथे थांबायचं.

आज सळसळ दोन ऐकू आल्या. माझी, आणि तिच्यामागे अर्ध्या श्वासाच्या अंतराने दुसरी, दरवाजाच्या आतल्या बाजूने. मी थांबलो की ती एक ओढ पुरी करून थांबायची. पोकळ खोलीचा नाद असेल.

दुपारी बघितलं तर एक रेघ नाही. मलाच टाळी द्यावीशी वाटली.

११ मे, मंगळवार

आलिडा आली! होडीतून उतरली तीच भांडत, नावाड्याने तिच्या टोपलीवर पाय दिला म्हणून. नेहमीची आलिडा. डाव्या गालावर देवीचे सात व्रण आहेत तिच्या, हसली की वरचे तीन एका रांगेत येतात. लग्नाआधी गोदीवर हेरिंग मासे सोलायची, सुरी लागून उजव्या अंगठ्यावर चंद्रकोरीसारखी खूण राहिली आहे. ओठ जरासा वाकडा. बावीस वर्षं या तोंडाशी भांडतो आहे आणि मला दुसरं तोंड नको.

कडा वाळायला म्हणून पुढचा दरवाजा उघडा ठेवला होता. गंमत करायची लहर आली. तिला उचलली आणि नव्या नवरीसारखी पुढच्या दरवाजातून आत आणली. ती ओरडत होती की कंबर मोडेल मूर्खा, आणि माझा रंग स्कर्टला लागेल. लागला नाही.

सायमन होडीतून फळ्या नेत होता. मला वाटलं काही तरी टवाळी करील. त्याने टोपी काढली, नुसती हातात धरली, आणि होडी पुढे गेली.

शेजारच्या नेल्ट्ये काकू वाटाण्याचं सूप घेऊन आल्या होत्या. पाववाल्याची विधवा, सत्तरीच्या, पुलावरच थिजल्या. एवढंच विचारलं, स्वयंपाकघराचा दरवाजा दिसला नाही का रे बाबा? मी हसून म्हटलं की काकू, बावीस वर्षांची जुनी नवरी आहे, तिला कसली नवलाई! त्या म्हणाल्या की नवीजुनी त्या दरवाजाला कळत नाही. सूप ठेवलं आणि गेल्या. सूप उत्तम होतं.

१५ मे, शनिवार

दुसरा हात. सळसळ पुन्हा आली, आज स्पष्ट. मी खरं लिहितो, कारण ही वही दुसरं कोणी वाचत नाही: मला बरं वाटलं. मी ओढ सोडायचो आणि पलीकडून कोणी तरी ती उचलून पुरी करायचं. असा जोडीदार मला गोदीत तीस वर्षांत मिळाला नाही. एके ठिकाणी मी ओघळ सोडला, माझा मलाच दिसला. वळून रंग ढवळला, परत बघतो तो ओघळ नाही.

आलिडा त्या वेळी मागच्या कार्यशाळेत पडदे शिवत होती. आत कोणी नव्हतं.

संध्याकाळी जेवताना आलिडाने अंगठा पुढे केला. चंद्रकोर गेली. इथल्या पाण्याने हात कसे लोण्यासारखे झाले बघ, म्हणाली. मी अंगठा दिव्याशी धरला. खूण नव्हती. अंगठ्यावरच्या बारीक रेषाही नव्हत्या.

१९ मे, बुधवार

आलिडाच्या गालावर चार व्रण. सात होते.

तिला आरसा दाखवला तर ती खूश. म्हणाली, चाळिशीत रूप आलं तर तू रडतोस काय? पण हसताना ते तीन एका रांगेत आले नाहीत, कारण तीन नव्हते. मी खाली बघून बटाटे खाल्ले.

रोज दुपारी जेवल्यावर ती पुढच्या खोलीत खुर्चीवर डुलकी घेते. आज मी कार्यशाळेत झावा धूत होतो आणि खिडकी उघडी होती. तिथपर्यंत सळसळ ऐकू आली. फार हलकी. केसांच्या नुसत्या टोकाची.

धावत गेलो. ती झोपलेली. ब्रश खिळ्यालाच. थोडासा हलत होता.

२० मे, गुरुवार

तो ब्रश कालव्यात फेकला. लांब, मधोमध.

२१ मे, शुक्रवार

ब्रश खिळ्यावर आहे. कोरडा, धुतलेला, केस विंचरलेले. आपण कामाचा ब्रश ठेवतो तसा.

व्रण दोन.

२६ मे, बुधवार

सकाळी शेवटचा हात दिला. शेवटचा हात दरवाजा बंद ठेवून, चौकटीसकट एकसंध द्यावा लागतो. ओला असताना दरवाजा उघडला तर कडेवरची रंगाची साय फाटते आणि सगळं पहिल्यापासून. दोन दिवस हात लावायचा नाही. परवा महापौर.

हे सगळं आधी लिहितो, म्हणजे मी पुढे जे केलं ते का केलं ते राहील.

काम संपल्यावर नेल्ट्ये काकूंकडे गेलो आणि विचारलं. मास्तरांची बायको कोण होती? त्यांनी विणकाम खाली ठेवलं. मारेत्ये तिचं नाव. तीच मास्तरच्या मागे टोक फिरवायची, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. गावात सगळे मास्तरचं कौतुक करायचे, पण त्या गुळगुळीतपणात त्याचा हात नव्हताच, तिचा होता. अकरा वर्षांपूर्वी शरदात दोघांनी हा दरवाजा रंगवला, शेवटचा हात. त्याच संध्याकाळी मारेत्ये छातीत कळ येऊन वारली. इथल्या रीतीप्रमाणे तिला पुढून न्यायचं. मास्तर पुढच्या दरवाजासमोर उभा राहिला आणि म्हणाला, ओला आहे. तिने केलेलं शेवटचं काम आहे, ते फाटू देणार नाही. दोन दिवस थांबा म्हटलं तर उन्हाळ्यासारखी गरमी, थांबणार कसं? सायमनच्या बापाने स्वयंपाकघरातून शवपेटी काढली, भांड्यांच्या मधून. काकूंनी स्वतः चुलीवरची किटली बाजूला केली होती.

मग म्हणाल्या, ती आत आली त्या वाटेने बाहेर गेलीच नाही बघ. आत आहे आणि तिला एकच काम येतं. मास्तर दर वर्षी फट बुजवायचा तो तिला जाऊ देत नव्हता म्हणून, की जोडीदार हवा होता म्हणून, ते त्यालाच ठाऊक. निदान तेव्हा तिला गुळगुळीत करायला दरवाजा होता. आता तू उंबऱ्यावरून बाई आणलीस.

उपाय विचारला. त्या म्हणाल्या, सायमनला सांग छोटी पेटी कर, तिचा ब्रश पेटीत ठेव, चार माणसं बोलाव आणि पुढच्या दरवाजातून बाहेर ने. आज ने रे बाबा, आजच्या आज.

घरी आलो. आलिडाला सगळं सांगितलं. तिच्या गालावर एकही व्रण नव्हता आणि भुवयांचे केस विरळ झालेले. तिने बोटं गालावरून फिरवली. मग म्हणाली, तीस वर्षं दुसऱ्यांचे ब्रश धुतलेस. दोन दिवसांनी काय होतंय? वाळू दे. महापौर बघून जाऊ देत, मग ने तुझी पेटी.

तिने सांगितलं म्हणून थांबलो, असं मला लिहायचं होतं. पण मी तिने सांगायच्या आधीच थांबायचं ठरवलं होतं. मी दरवाजासमोर उभा होतो आणि माझ्या तोंडात शब्द आले होते, ओला आहे.

२७ मे, गुरुवार

सायमनने पेटी करून दिली. त्याने हसणं सोडलं आहे. म्हणाला, आज उघडा हो, माझा बाप मरेपर्यंत त्या किटलीबद्दल बोलत होता. मी म्हटलं, उद्या दुपारी.

आलिडाच्या हातातून कप निसटला. दुसराही निसटला. तळहातावर रेषा नाहीत, धरायला काही नाही. बोटांवर काही नाही. तिने हात पाठीमागे लपवले.

तिच्या खोलीत मी दिवसभर बसून राहिलो. सळसळ आली नाही. मग मला डुलकी लागली, पाच मिनिटं असेल—

तिचा ओठ सरळ झाला आहे. तो वाकडेपणा, माझा.

२८ मे, शुक्रवार

महापौर आले. टोपी काढून दरवाजात आपलं डोकं बघितलं, हसले, बायकोला बोलावून तिचंही दाखवलं. म्हणाले की मास्तरच्या वरचं काम, लाम्बर्ट स्तोप. सहाही दरवाजे तुमचे. हात मिळवला. मग खिडकीकडे बघून म्हणाले, आणि ती बाहुली कसली ठेवली आहे? चेहरा काय सुंदर चकाकतोय.

ते गेले. मी पुलावरून मागच्या दाराने आत धावलो, ब्रश पेटीत घातला, झाकण लावलं. सायमनला हाक मारायच्या आधी दरवाजा मोकळा करावा म्हणून आतून सुरी लावली.

फट सापडत नाही.

नखाने चाचपलं. दिवा धरला. चौकट आणि दरवाजा यांच्यामध्ये रेघच नाही. हिरवा, सलग, थंड. बिजागऱ्या नाहीत. मी वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि हाताला काहीच लागलं नाही.

पेटी रिकामी आहे.

२९ मे, शनिवार

स्वयंपाकघराचा दरवाजा गेला. भिंत आहे. काल तिथे कडी होती, मीच लावली होती. खिडक्यांना कोपरे नाहीत. घण मारला तर हातातून निसटतो, तसाच भिंतीवरून निसटतो. ओरखडा उठत नाही.

बाहेर सायमन. पावलं ऐकू येतात, घराला फेऱ्या मारतोय, लाकडावर टकटक करतोय. मी ओरडलो, छाती फुटेपर्यंत. तो नेल्ट्ये काकूंना विचारत होता की इथे पुढचा दरवाजा होता ना? इथेच होता ना? काकू रडत होत्या. मला सगळं ऐकू येत होतं. त्यांना माझं काही नाही—

आलिडाला बोलता येत नाही. ओठांच्या मधली रेघ—

सुरी घेतली. ती खुर्चीत, मान वर करून बसली, तयार. मला जमलं नाही. फट कुठून कुठे होती तेच आठवेना. बावीस वर्षं बघितलेलं तोंड, आणि कुठे सुरी लावू ते—

नाकातून श्वास चालू आहे. अजून.

३० मे

वहीच्या पानावर निळ्या रेघा होत्या. नाहीत. तिरकं लिहिलं जातंय.

आलिडाचा हात माझ्या डाव्या हातात. बोटं मोजत होतो. मधल्या जागा भरत चालल्या. ती माझ्या तळहातावर काही तरी गिरवते, मला समजत नाही. मग समजलं. गालावरचे ठिपके काढतेय. सात. पुन्हा सात. मी विसरू नये म्हणून.

विसरत नाही. वरचे तीन रांगेत. मग एक नाकाशी. मग—

श्वास थांबला. तिचा. हात ऊन आहे अजून. मारेत्ये, आता एक मेलेलं माणूस आहे घरात. आता तरी दरवाजा हवा ना. आता उघड. दोघींना नेतो, माझ्या हाताने नेतो, फाटू दे सगळी साय, मला नको ते सहा—

दरवाजा नाही. उघडत नाही. ओला आहे अजून, हात लावला, ओलाच—

खिळा रिकामा.

मागे तेलातून ब्रश काढल्याचा आवाज. डब्याच्या काठावर दोनदा टेकवला. जादाचा ओघळ निथळू दिला. किती नीट काम करते. घाई नाही.

माझ्या अंगठ्याला पेन धरवत ना—

वरून सुरुवात करते. नेहमी वरून. गार. कपाळाव—